सेकंड माल

चव्वेचाळीस पॉइंट दोन,
रेडिओवर आकडा आला की नायना मान हलवायचा,
जणू तो त्याच्याच लूमवरून
आत्ता उतरून आलाय.

दाराला ओला टॉवेल, खिडकीला ओला टॉवेल,
माठाला, टेबलफॅनच्या पाठीला,
झोपलेल्या अंबादासच्या पोटावर एक.
सगळा सेकंड माल:
काठ तिरका गेलेला, कुठे धागा सुटलेला,
एकावर तर हॉटेलचं नावच उलटं पडलेलं.
शेठ किलोवर द्यायचा.
आम्ही उन्हाळाभर
घराला नेसवायचो.

दुपारी लाइट गेली
की गल्लीभरची खडखड एका झटक्यात थांबायची
आणि कानात नुसतं दडे बसल्यासारखं व्हायचं.
मग नायना घरी. दुपारच्या दोनला, नायना घरी!
केसांत कापूस, बनियनवर कापूस.
अम्मा विड्यांचं सूप बाजूला सारायची,
कैरीचं पन्हं ढवळताना
चमचा मुद्दाम जोरात वाजवायची.
आम्ही पत्ते काढायचो. नायना लबाडी करायचा
आणि पकडला गेला की
"लाइट आली, लाइट आली" म्हणून उठायचा.
आलेली नसायची.

पण उन्हाळ्यातला खरा सण
चौथ्या दिवशीच्या रात्री.
अडीचला नळ फुसफुसायचा, मग खोकायचा,
मग शिवक्का पलीकडून ओरडायची, "नीर बंतु!"
तिच्या कानडीनं आमची तेलुगू झोप उडायची
आणि सगळी गल्ली कळशा, बादल्या, पातेल्यांनिशी बाहेर.
पिंपं भरली, हौद भरला,
घरातली शेवटची वाटीसुद्धा भरली
की अम्मा पाइप आमच्याकडे वळवायची.
रात्री तीनला
चड्ड्यांवर, ओट्यावर, चांदण्यात आंघोळ!
फरशी वाफ सोडायची.
नायना भीमेच्या वाळूतलं कलिंगड फोडायचा,
सुरीनं नाही, बुक्कीनं,
आणि बिया थुंकायची शर्यत
नेहमी पद्माक्का जिंकायची,
अजून कुणाला सांगत नाही ती हे.

सुट्टीला म्हणून गेलो ते एकदाच.
गुहागर. रात्रभर एसटी,
कडक भाकरीचा चळथा, शेंगाचटणीची बरणी,
घाटात पद्माक्काची उलटी.
लॉजची खोली दीडशे रुपयांची,
खाटेवर घडी घातलेला पांढरा टॉवेल.
आम्ही समुद्र, समुद्र करत दारात नाचतोय
आणि नायनाने टॉवेलचा कोपरा चिमटीत धरला,
उलटा केला, खिडकीच्या उजेडात नेला,
अंगठ्यानं काठ चाचपला.
"सोलापूर," म्हणाला.
जरा थांबून, "आपल्या गल्लीतला नाही.
बघ की, काठाला घाई केलीय."
मग नीट, पहिल्यासारखी घडी घालून
तो परत ठेवला.
तीन दिवस त्यानं तो वापरलाच नाही,
सोबत आणलेला तिरक्या काठाचाच वापरला.

समुद्रापुढे अम्मा बराच वेळ नुसती उभी.
साडी घोट्याच्या वर, चपला हातात.
"एवढं पाणी," शेवटी म्हणाली,
"आणि याला वार नाही?"
नायना हसता हसता वाळूत बसला.
मग तीही बसली,
आणि लाट आली तेव्हा दोघंही उठली नाहीत.
आम्ही त्यांना असं भिजलेलं
आधी कधी पाहिलं नव्हतं. पाणी भरताना
ती दोघं नेहमी कोरडी असायची.

परत आलो ती सकाळ पाचव्या दिवसाची.
स्टँडवरच अम्माच्या लक्षात आलं:
काल रात्री नळ येऊन गेला.
रिक्षाभर कुणी बोललं नाही.
दार उघडलं, मागच्या अंगणात गेलो, तर
पिंपं काठोकाठ,
कळशा भरलेल्या, घंगाळसुद्धा,
आणि प्रत्येकावर झाकायला ओढलेला
आमचाच एकेक टॉवेल.
भिंतीपलीकडून शिवक्का भाकरी थापत होती,
थाप थाप थाप.
तिनं विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही.
अम्मानं उरलेल्या वाळूच्या पिशवीतून
दोन शंख काढले
आणि भिंतीवर ठेवले, तिच्या बाजूला.